नॅनो झिंक, नॅनो सिलिका आणि टोमॅटोची फुलगळ: हार्मोनचा संबंध नेमका कुठे येतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नारायणगावजवळ तुमचा दोन एकर उन्हाळी टोमॅटो असतो. एप्रिल-मेमध्ये कळी भरपूर लागते, पण सेटिंग (फळधारणा) होत नाही, फुलं गळतात. इंदापूरकडे मामांचा ऊस आहे, तिथे विहिरीचं पाणी मचूळ आणि जमीन दरवर्षी जास्तच पांढरी पडत चालली आहे. एका प्रदर्शनात तुम्हाला नॅनो झिंक, नॅनो सिलिका आणि नॅनो चिटोसान अशा तीन बाटल्यांचं किट दाखवलं गेलं. सांगितलं असं की नॅनो कण झाडातले हार्मोन वाढवतात, त्यामुळे पीक ऊन, पाण्याची तूट, क्षार असं सगळं सोसतं. हे खरं का, किट घ्यावं का, आणि प्लॅनोफिक्स किंवा जी.ए. (जिबरेलिक आम्ल) या हार्मोनच्या औषधांबरोबर एकाच टाकीत मिसळलं तर चालेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

नॅनो कणांमुळे झाडातल्या संप्रेरकांचं प्रमाण बदलतं, ही गोष्ट खरी आहे. प्रयोगशाळेत ती पुन्हा पुन्हा मोजली गेली आहे. पण ‘हार्मोन वाढवतात’ या वाक्याला तसा काही अर्थ नाही. कुठला हार्मोन? फूल टिकवणारं ऑक्झिन वाढलं तर एक होतं, गळ घडवणारं इथिलीन वाढलं तर त्याच्या उलट. तुमच्या फुलगळीत इथिलीनच तर वाढलेलं असतं. तेव्हा विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आणि मी या उत्तरात तोच धरून बसणार आहे: तेवढंच झिंक साध्या झिंक सल्फेटमधून किंवा चिलेटेड (सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेल्या) झिंकमधून दिलं असतं तर काय फरक पडला असता? नॅनोवरच्या कितीतरी प्रयोगांत तुलना नुसत्या पाण्याशी केलेली असते. झिंकची गरज असलेल्या झाडाला कुठल्याही रूपात झिंक दिलं की ते पाणी मारलेल्या झाडापेक्षा चांगलंच दिसणार. त्यात नॅनोची करामत किती आणि झिंकची किती, हे त्या तक्त्यातून कळत नाही.

हार्मोन तुम्हाला नवे नाहीत. प्लॅनोफिक्स म्हणजे एनएए, ते कृत्रिम ऑक्झिन. द्राक्षवाले जी.ए.चं डिपिंग करतात (घड द्रावणात बुडवतात), डाळिंबवाले बहार धरताना पानगळीसाठी इथरेल मारतात, त्यातून इथिलीन सुटतं. कोकणात हापूसला पॅक्लोब्युट्राझोल देतात, ते झाडातलं जिबरेलिन (जी.ए.च्या कुळातला वाढीचा हार्मोन) बनू देत नाही. या सगळ्यांत एक तर हार्मोनच बाहेरून देतात किंवा त्याची वाट अडवतात. नॅनो झिंक किंवा सिलिका यांत हार्मोन नसतो. झाडाच्या आत काहीतरी बदलतं आणि त्याचा पडसाद म्हणून हार्मोन खालीवर होतात. म्हणून परिणामही प्लॅनोफिक्ससारखा ठरावीक येत नाही, झाड त्या वेळी कुठल्या अवस्थेत आहे त्यावर तो ठरतो.

तिन्ही बाटल्यांत हार्मोनशी सर्वांत सरळ नातं झिंकचं, म्हणून तिथून सुरू करतो. झाडातलं मुख्य ऑक्झिन, म्हणजे इंडोल ॲसेटिक आम्ल, हे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनतं. झिंक कमी पडलं की शेंड्यातलं ऑक्झिन घटतं, पेरं आखूड होतात, पानं बारीक राहतात, शेंडा गुच्छासारखा दिसतो. हे फोल्के स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९४० मध्ये दाखवलं, आणि त्यांच्या झाडांत टोमॅटोही होता. झिंक तुटलं की लक्षणं दिसण्याआधी ऑक्झिन कमी होतं, झिंक परत दिलं की वाढ सुरू होण्याआधी ऑक्झिन वाढतं, असा क्रम त्यांना मिळाला. (हेच स्कूग पुढे सायटोकायनिन या दुसऱ्या हार्मोनवरच्या कामामुळे जास्त ओळखले गेले.) सांगायचं कारण एवढंच की झिंकने ऑक्झिन सुधारतं हे नॅनो शब्द शेतीत यायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. बाटलीवरचा तो दावा झिंकचा आहे.

मग नॅनो करण्यात मिळतं काय? कण १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असले की त्यांना आपण नॅनो म्हणतो. तेवढ्याच वजनात पृष्ठभाग प्रचंड वाढतो. दोन मायक्रॉनचा कण वीस नॅनोमीटरवर आणला तर पृष्ठभाग शंभर पट होतो. गुळाची ढेप पाण्यात टाकली आणि तेवढाच चुरा टाकला तर आधी काय विरघळेल, तोच हा प्रकार. झिंक ऑक्साइड एरवी जवळजवळ न विरघळणारं, पण बारीक केल्यावर पानावर बसून हळूहळू झिंक सोडत राहतं. झिंक सल्फेट एकदम विरघळतं, जास्त तीव्र झालं तर पानाच्या कडा भाजतात, म्हणून तर त्यात निम्मा चुना घालायची जुनी शिफारस आहे. हळूहळू सुटणं आणि न भाजणं, हा नॅनो झिंकचा खरा फायदा आहे आणि तो कमी लेखण्यासारखा नाही. पण कण जसाच्या तसा पानात शिरून पेशीत जाऊन हार्मोनची कळ दाबतो, असं चित्र डोळ्यासमोर असेल तर ते काढून टाका. पानावर मेणचट थर असतो आणि पेशीभित्तिकेतली छिद्रं साधारण ५ ते २० नॅनोमीटरची असतात. बहुतेक झिंक विरघळून, आयनच्या रूपातच आत जातं. २०१३ मध्ये सोयाबीनवर एक चांगला अभ्यास झाला. जमिनीत नॅनो झिंक ऑक्साइड मिसळून झाडं वाढवली आणि क्ष-किरणांनी आतलं झिंक तपासलं. झिंक ऑक्साइडचे कण झाडात सापडले नाहीत; झिंक सिट्रेटसारख्या रूपात होतं. त्याच प्रयोगातला सिरियम या धातूच्या ऑक्साइडचा काही भाग मात्र शेंगांपर्यंत कणरूपातच पोहोचला होता. म्हणजे ‘नॅनो’ म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधता येत नाही. विरघळणारे कण वेगळे, न विरघळणारे वेगळे.

तुमच्या शेतासाठी याचा अर्थ असा: आधी माती परीक्षण. डीटीपीए पद्धतीने (पिकाला मिळण्याजोगं झिंक मोजायची चाचणी) झिंक ०.६ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.६ भाग) कमी आलं तर झिंक द्यायला हवं, मग ते सल्फेट असो, चिलेट असो की नॅनो. आपल्याकडच्या चुनखडीच्या, आठच्या वर सामू (पीएच) असलेल्या काळ्या जमिनींत असा निकाल बऱ्याचदा येतो. झिंक पुरेसं असेल तर आणखी झिंक देऊन ऑक्झिन आणखी वाढत नाही. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्या, सूक्ष्म अन्नद्रव्यं वेगळी लिहून मागा, कारण साध्या तपासणीत ती धरलेली असतीलच असं नाही.

आता तुमची फुलगळ. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर राहू लागला आणि रात्रीही हवा गार होईना की टोमॅटोचा पराग निकामी होऊ लागतो. फलन झालं नाही तर अंडाशयातून ऑक्झिन आणि जिबरेलिन सुटत नाही. फुलाच्या देठावर एक फुगीर गाठ असते ती बघितली असेल, तिथेच फूल तुटतं. त्या गाठीकडे वरून ऑक्झिनचा प्रवाह चालू असतो तोवर ती इथिलीनला दाद देत नाही. प्रवाह तुटला की तीच गाठ इथिलीनला हळवी होते आणि फूल खाली. प्लॅनोफिक्सने फूल का टिकतं ते यावरून कळेल: तुटलेला ऑक्झिनचा प्रवाह आपण बाहेरून भरून काढतो. पण पराग मेलेला असेल तर टिकलेल्या फुलाचं फळ बियांविना, पोकळ किंवा वेडंवाकडं होऊ शकतं. झिंकची कमतरता असेल तर ती भरल्याने झाड थोडं जास्त तग धरेल, एवढंच. मेलेला पराग ना नॅनोने जिवंत होतो ना साध्याने. तिथे उपयोगी पडतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत: लागणीची तारीख अशी धरणं की मुख्य बहर तापायच्या आधी येईल, उष्णता सोसणारा वाण, पांढरी शेडनेट, आणि ड्रीपने दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं पाणी.

टोमॅटोतच आणखी एक खूण सांगतो, कारण हार्मोन डोळ्यांना दिसायची संधी फार थोड्या वेळा मिळते. वळवाचा मोठा पाऊस होऊन सरीत पाणी तुंबलं की दुसऱ्या दिवशी पानं देठापासून खाली वाकतात. लोक म्हणतात झाड सुकलं. हात लावून बघा, पान ताठ असतं, मरगळलेलं नसतं. मुळांना हवा मिळेना की तिथे एसीसी नावाचं द्रव्य साचतं, ते पाण्याबरोबर वर जातं आणि पानाच्या देठात त्याचं इथिलीन होतं. देठाची वरची बाजू जास्त वाढते आणि पान खाली झुकतं. त्या वेळी कुठलीही ‘ताण कमी करणारी’ बाटली मारण्यात अर्थ नसतो. चर काढून पाणी घालवा, बाकी झाड बघून घेतं.

इथे संशोधनाबद्दल एक गोष्ट. नॅनो आणि ताण यांवरचे लेख वाचलेत तर गोंधळ उडेल. एकात लिहिलेलं असतं की नॅनो कणांनी ॲबसिसिक आम्ल (ताणाचा हार्मोन) वाढलं आणि पीक दुष्काळ सोसू शकलं. दुसऱ्यात तेच आम्ल कमी झालं आणि पीक दुष्काळ सोसू शकलं! दोन्ही खरं असू शकतं. ॲबसिसिक आम्ल हा पाणी कमी पडल्याचा निरोप आहे. तो पानात पोहोचला की रक्षकपेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि पर्णरंध्रं मिटतात. ताण येण्याआधी फवारणी केली आणि झाडाला हलका चटका बसून हा निरोप आधीच गेला, तर आम्ल वाढलेलं दिसतं. उलट झिंक किंवा सिलिकामुळे मुळं चांगली वाढली, झाडाला पाणी बरं मिळालं, तर त्याला निरोप पाठवायची गरजच पडत नाही आणि आम्ल कमी दिसतं. दुसऱ्या प्रकारात हार्मोन घटला हे कारण नसून परिणाम आहे. ‘आमच्या उत्पादनाने ॲबसिसिक आम्ल इतकं टक्के बदललं’ अशा आलेखावरून निर्णय घेऊ नका. नमुना फवारणीनंतर किती तासांनी घेतला, त्या वेळी जमिनीत ओल किती होती, हे कळल्याशिवाय त्या टक्क्यांना किंमत नाही.

‘हलका चटका’ म्हणालो ते मुद्दाम. बऱ्याच नॅनो कणांचा चांगला परिणाम अशाच चटक्यातून येतो. कणांमुळे पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी क्रियाशील ऑक्सिजन द्रव्यं थोडी वाढतात. थोड्या प्रमाणात ती इशारा म्हणून काम करतात: कॅल्शियमची लहर उठते, जॅस्मोनिक आणि सॅलिसिलिक आम्लाच्या (संरक्षणाच्या हार्मोनच्या) वाटा जाग्या होतात, कॅटलेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज यांसारखी ही द्रव्यं निवळणारी विकरं वाढतात. पुढे खरा ताण आला तेव्हा झाडाची तयारी आधीच झालेली असते. प्रमाण वाढलं की हीच द्रव्यं पेशी जाळतात. लिन आणि शिंग यांनी २००७ मध्ये मुळा, मका, काकडी अशा सहा पिकांच्या बियांवर प्रयोग केले. नॅनो झिंक ऑक्साइडच्या दाट द्रावणात मुळांची वाढ जवळजवळ थांबली, आणि मुळ्यासारख्या पिकात तर ५० पीपीएमच्या आसपासच ती निम्म्यावर आली. बियाणं किंवा रोपांची मुळं नॅनो द्रावणात बुडवायचा सल्ला कोणी दिला तर हे आठवा. पानाला जी मात्रा चालते ती कोवळ्या मुळाला चालेलच असं नाही.

मात्रेचा हिशेब स्वतः करायला शिका, सोपा आहे. एक पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. एकराला २०० लिटर पाणी लागतं असं धरलं तर १०० पीपीएम झिंक म्हणजे एकरी २० ग्रॅम. बाटलीवर झिंक किती टक्के आहे ते बघा, सांगितलेली मात्रा २०० लिटरला धरा, आणि एकरी किती ग्रॅम झिंक जातं ते काढा. किंमत त्या ग्रॅमवर भागा. मग झिंक सल्फेटच्या एक किलोत २१ टक्के, म्हणजे २१० ग्रॅम झिंक असतं हे लक्षात घेऊन तुलना करा.

हाच हिशेब नॅनो युरियाबद्दल कितीजण करतात? इफ्कोने २०२१ मध्ये आणलेल्या पहिल्या नॅनो युरियात ४ टक्के नत्र होतं, ५०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे २० किलोहून थोडं जास्त. हजार पटीचा फरक. पुढे २० टक्क्यांचं उत्पादन आलं, तरी बाटलीत १०० ग्रॅमच. पानातून घेतलेलं नत्र जास्त कार्यक्षम असतं हे मान्य, पण ग्रॅमने किलोची भरपाई होत नाही. पिकाच्या दाण्यात आणि फळात जाणारं नत्र कुठून तरी यावंच लागतं. झिंकचं तसं नाही, ते मुळातच ग्रॅममध्ये लागतं, म्हणून नॅनो रूपात सूक्ष्म अन्नद्रव्यं देणं मला नॅनो युरियापेक्षा जास्त पटतं.

सिलिकाबद्दल सांगताना पीक बघावं लागतं. भात आणि ऊस हे सिलिकॉन भरभरून घेणारे. उसाच्या पात्याने हात कापतो तो त्यामुळेच. मुळं ते सिलिसिक आम्लाच्या रूपात घेतात आणि त्यासाठी खास वाहक प्रथिन असतं; भातात ते २००६ मध्ये जपानमध्ये सापडलं. टोमॅटो मात्र सिलिकॉन फारसं घेतच नाही. त्यामुळे ‘सिलिकाने पानाला कवच येतं’ हे उसात पटेल, टोमॅटोत नाही. तरीही टोमॅटोत काहीच होणार नाही असं मी म्हणत नाही, कारण दुसरी एक वाट आहे. स्वित्झर्लंडमधल्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात पानात सोडलेले नॅनो सिलिकाचे कण आतल्या पोकळ जागेत बसून हळूहळू सिलिसिक आम्ल सोडत राहिले, त्याने सॅलिसिलिक आम्लाची वाट जागी झाली आणि जिवाणूजन्य रोगाला सगळं झाड जास्त दाद देईनासं झालं. आणि तिथे त्यांनी योग्य तुलना केली होती: नुसतं सिलिसिक आम्लही दिलं होतं. जास्त मात्रेत त्या आम्लाने झाडाला ताण आला, कणांनी आला नाही. नॅनो रूपाचा स्वतंत्र फायदा दाखवणारं हे उदाहरण मला आवडतं. फक्त ते झाड होतं ॲराबिडॉप्सिस, प्रयोगशाळेतलं रोपटं, आणि वाढलं खोलीतल्या दिव्याखाली. नारायणगावचं मे महिन्याचं ऊन त्याने पाहिलेलं नाही.

मामांच्या जमिनीकडे येऊ. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा प्रश्न कालव्याइतकाच जुना. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर काम केलं होतं. तेव्हा निदान झालं ते आजही तेच आहे: पाणी जास्त, निचरा नाही. क्षारांचा ताण दोन टप्प्यांत येतो. आधी मातीतलं पाणी ओढायलाच जड जातं, म्हणजे ओलीतही दुष्काळ. ॲबसिसिक आम्ल वाढतं, वाढ थांबते. नंतर सोडियम पानांत साचतं आणि पोटॅशियम बाहेर ढकललं जातं, जुन्या पानांच्या कडा जळतात, इथिलीन वाढून पानगळ लवकर होते. नॅनोमधलं सर्वांत रोचक संशोधन याच दुसऱ्या टप्प्यावर आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या गटाने सिरियम ऑक्साइडचे ऋणभारित कण पानांत सोडले. सिरियम दोन अवस्थांत ये-जा करू शकतं, त्यामुळे तो कण क्रियाशील ऑक्सिजन द्रव्यं सतत शोषत राहतो, संपत नाही. त्या झाडांच्या पानांत क्षाराच्या ताणाखाली पोटॅशियम जास्त टिकलं. तत्त्व म्हणून सुंदर आहे. पण २०१२ मध्ये सोयाबीनवर आलेला दुसरा निष्कर्षही सांगायला हवा: मातीत सिरियम ऑक्साइड जास्त झालं तेव्हा मुळांवरच्या गाठींतलं नत्र स्थिरीकरण जवळजवळ बंद पडलं. न विरघळणारा कण मातीत राहतो. दरवर्षी फवारायचं तर तो साचणार, हे गृहीत धरा.

मामांना सांगा, आधी पाण्याची आणि मातीची तपासणी. नुसती क्षारता आहे की चोपणपणा (मातीला चिकटलेला जास्तीचा सोडियम) आहे ते कळलं पाहिजे. नुसते क्षार असतील तर चर काढून, गोड पाण्याने धुऊन जातात. सोडियमचं प्रमाण मातीच्या कणांना धरून असलेल्या (विनिमयक्षम) धातूंत १५ टक्क्यांच्या वर असेल तर आधी जिप्सम, मग निचरा. माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र आहे, दोन्ही त्यांना जवळ. पाण्याचा अहवाल हातात असताना मग सिलिकाचा विचार करा. ऊस आहे म्हणून तिथे सिलिकॉनला अर्थ आहे. पण तो जमिनीतून, बगॅसच्या राखेसारख्या स्वस्त मार्गानेही देता येतो. सामू आधीच जास्त असेल तिथे राख टाकण्याआधी मात्र विचारून घ्या.

चिटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं. त्याचे कण धनभारित असतात, पानाला चिकटून बसतात. झाडाला वाटतं बुरशीचा तुकडा आला, कारण बुरशीच्या भित्तिकेत तसलंच द्रव्य असतं. मग जॅस्मोनिक, सॅलिसिलिक आणि इथिलीन या संरक्षणाच्या वाटा उघडतात आणि पर्णरंध्रं काही काळ मिटतात. रोपवाटिकेत, किंवा रोप लावल्यावर पहिल्या आठवड्यात हे चांगलं. फळं फुगत असताना ऐन उन्हात मी नाही मारणार. पर्णरंध्रं मिटली की पान तापतं. शिवाय कॅल्शियम बाष्पोत्सर्जनाच्या ओढीबरोबरच वर येतं, आणि तुमच्या भागात ते कमी पडून फळाच्या बुडाला काळा डाग पडण्याची तक्रार आधीच कमी नाही. संरक्षणाकडे ताकद वळली की वाढीची जिबरेलिनची वाट दबते, हेही खरं. तिन्ही बाटल्या दर आठ दिवसांनी मारायचं जे वेळापत्रक तुम्हाला दिलंय, त्यात झाडाला सारखं घाबरवत ठेवलंय.

मावळातल्या एका पॉलिहाउसवाल्या मित्राने नॅनो सिल्व्हरबद्दल विचारल्याचं तुम्ही लिहिलंय. चांदीचा इथिलीनशी संबंध पक्का आहे. चांदीचा आयन इथिलीनची क्रिया अडवतो हे १९७६ मध्ये बेयर या शास्त्रज्ञांनी दाखवलं. इथिलीनच्या ग्राहक प्रथिनात तांबं असतं, त्याची जागा चांदी घेते आणि निरोप पुढे जात नाही. कार्नेशनचं फूल सिल्व्हर थायोसल्फेटच्या द्रावणात ठेवलं की जास्त दिवस टिकतं ते यामुळे. फ्लॉवरवॉझच्या पाण्यात नॅनो सिल्व्हर जिवाणूंना मारतं, देठातल्या नळ्या चोंदत नाहीत, हा वेगळा आणि बऱ्याचदा मोठा फायदा. काढणीनंतरच्या फुलांसाठी ठीक. उभ्या भाजीपाल्यावर चांदी फवारू नका, ती खायची गोष्ट आहे आणि मातीतल्या उपयोगी जिवाणूंनाही ती सोडत नाही. पुण्यात या विषयाला जुनी परंपरा आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००३-०४ च्या सुमारास जिरॅनियम आणि कडुनिंबाच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनो कण बनवले होते. तेव्हापासून ‘हरित नॅनो’ शब्द बाजारात फिरतो. कडुनिंबाच्या अर्काने बनवली तरी चांदी ती चांदीच.

मिसळण्याबद्दल. नॅनो झिंक आणि ००:५२:३४ किंवा १२:६१:०० ही फॉस्फेटची विद्राव्य खतं एका टाकीत नको. फॉस्फेट आणि झिंक एकत्र आले की झिंक फॉस्फेट होऊन खाली बसतं, नोझलही तुंबतं. जी.ए.च्या द्रावणाचा सामू आपण आम्ल घालून साडेपाच-सहावर आणतो. तिथे नॅनो झिंक ऑक्साइड टाकलं तर ते टाकीतच विरघळू लागतं, मग नॅनोचे पैसे कशाला दिले? आणि सामू फॉस्फरिक आम्लाने उतरवला असेल तर वर सांगितलेली अडचण आहेच. प्लॅनोफिक्स वेगळं मारा, त्यात काही मिसळू नका. त्याची मात्रा इतकी नाजूक आहे की बिघडलं तर कशामुळे ते कळणार नाही.

विहिरीचं पाणी जड असेल तर कण एकमेकांना चिकटून मोठे गोळे होतात आणि नॅनो फक्त लेबलवर उरतं. घरीच बघा: काचेच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या, एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत आरओचं. दोन्हींत सांगितलेली मात्रा टाकून हलवा आणि तासभर ठेवा. आरओच्या पाण्यात एकसारखी दुधाळ झाक राहिली आणि विहिरीच्या पाण्यात तळाशी साका बसला, तर फवारणीला ते पाणी चालणार नाही. दोन्हींत साका बसला तर माल परत करा. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि उष्णतेची लाट यायच्या आधी चार-सहा दिवस. झाड एकदा कोमेजलं, पर्णरंध्रं मिटली, की पान बाहेरचं फारसं आत घेत नाही. भुकटीच्या रूपातला माल असेल तर मोजताना चांगला मास्क लावा, इतकी बारीक धूळ थेट फुप्फुसात उतरते.

लेबल बघताना: खत म्हणून विकत असतील तर ते १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात बसलं पाहिजे, बायोस्टिम्युलंट म्हणून विकत असतील तर २०२१ पासून त्याचीही त्याच आदेशात सोय आहे. नॅनो कृषी उत्पादनांच्या तपासणीसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. घटक किती टक्के, कणांचा आकार किती, बॅच नंबर आणि पक्कं बिल, एवढं मागा. ‘फॉर्म्युला गुप्त आहे’ असं उत्तर आलं तर तिथून निघा.

किट घेऊ नका. माती परीक्षणात झिंक कमी आलं आणि तुम्हाला नॅनो करूनच बघायचं असेल तर एकटी झिंकची बाटली घ्या आणि असं करा. प्लॉटमध्ये तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी चार-चार ओळींचे तीन पट्टे आखा. एका पट्ट्यात नुसतं पाणी, दुसऱ्यात चिलेटेड झिंक, तिसऱ्यात नॅनो झिंक. दोन्हींत एकरी झिंकचे ग्रॅम सारखे, हे सर्वांत महत्त्वाचं. बाकी खतं, औषधं, प्लॅनोफिक्स तिन्हींना तेच. बांधाकडच्या ओळी धरू नका. प्रत्येक पट्ट्यात दहा झाडांवर तिसऱ्या आणि चौथ्या घोसाला रंगीत दोरा बांधा, उमललेली फुलं मोजा, पंधरा दिवसांनी टिकलेली फळं मोजा, पुढे त्याच घोसांतली फळं वजन करून लिहा. पानांच्या काळोखीवर (गडद हिरवेपणावर) जाऊ नका, नत्राने आणि बुरशीनाशकानेही पान काळं दिसतं. शेतात एक साधा तापमापक सावलीत टांगा आणि रोजचं कमाल-किमान लिहून ठेवा, नाहीतर ज्या आठवड्यात ऊन उतरलं त्याचं श्रेय बाटलीला जाईल. मातीचा अहवाल आणि घोसांचे हे आकडे आले की पाठवा, विहिरीच्या पाण्याचा सामू आणि क्षारताही त्यात लिहा. पुढच्या लागणीला नॅनो घ्यायचं की चिलेट, ते त्यावरून सांगतो.